नागरपंचमीपर्यंतचं रान

बुधवार, ३ जून १९३६

मका वर आला! सगळा. एक वळसुद्धा फसली नाही. सकाळच्या गाडीने अमरगोळला उतरलो तेव्हापासून मनाला बजावत होतो — काही उगवलं नसेल, घाबरायचं नाही. बांधावर चढलो तर काळ्या रानात हिरव्या रेघा, पट्टी लावून ओढाव्यात तशा. बत्तीस वर्षं आमच्या शहरातल्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत पोरांना रेघ ओढायला शिकवलं, धड सरळ आली नाही एकाची. पेरणीला लावलेल्या फकीरप्पाच्या बैलांना न शिकवता येते.

अण्णांना पत्र टाकावंसं वाटलं. टाकलं नाही. धारवाडला वकिली करून करून त्यांना उगवलेल्या मक्यातही मुद्दा दिसायचा. चैत्रात हेच केलं — सदू, तू चित्रकलेचा मास्तर, मी वकील, रान कोण बघणार? रूळाला लागून आहे, एक कापसाचा जिनवाला मागतो आहे, देऊन टाकू. घरातले कर्ते ते, त्यांची एकट्याची सही पुरते. तरी मी भांडलो. थोरल्या भावाशी जन्मात पहिल्यांदा भांडलो. म्हटलं, एक हंगाम द्या. वाटेकरी नको, पेन्शनीत बसलोय तर मी स्वतः करतो. नागरपंचमीला येऊन बघा. पिकापेक्षा तण जास्त दिसलं तर खुशाल विका.

अण्णा बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "बरं."

पन्नास दिवस आहेत.

गुरुवार, ४ जून

रानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात चुना फासलेले तीन दगड सापडले. रेल्वेवाल्यांचा उद्योग असणार. त्यांना कुठेही दगड ठेवायची खोड आहे. फकीरप्पाला म्हटलं, उचलून टाक. तो बैलांचं काहीतरी करत बसला. "इरली बिडरी, मास्तर" — राहू द्या म्हणे. आळशी! मीच उचलले आणि ओढ्याकडे भिरकावले. खांदा दुखतोय.

शुक्रवार, ५ जून

कारहुण्णिमे, इकडचा बैलपोळा. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, अंगावर झुली. काम बंद. सगळा गाव खुशीत, मी एकटाच आभाळाकडे बघत फिरतोय.

सोमवार, ८ जून

आज रागाने काही सुचत नाही.

तीन दिवस उघडीप. जमीन अशी वाफशावर आली होती की पायाला चिकटेना आणि ढेकूळही होईना. कुंटी, म्हणजे बैलांचं कोळपं, फिरवायला याहून चांगला दिवस नाही. दोन वळींमधलं कोवळं तण एका फेरीत मुळासकट सुटलं असतं. मी सात वाजता रानात हजर. फकीरप्पा घोंगडीवर बसून बिडी ओढतोय. का? सोमवार! सोमवारी बैल जुंपायचा नसतो, तो बसवण्णाचा, नंदीचा दिवस. अमरगोळात कुणी जुंपत नाही म्हणे. आभाळ दाखवलं. त्याने बघितलं, मान हलवली, आणि म्हणाला की पाऊस येणार खरा.

दुपारी आला. चांगला दोन बोटं. झालं. आता आठवडाभर रानात चिखल आणि चिखलात तण.

घरी येऊन रुक्मिणीवर ओरडलो, भाकरी जाड झाली म्हणून. भाकरी नेहमीसारखीच होती.

गुरुवार, ११ जून

गोविंदाचं पार्सल आलं. माझा जुना विद्यार्थी, आता पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकतो. वर्गात झाडाचं चित्र काढ म्हटलं तर मुळं काढणारा एकुलता एक पोरगा. त्याने सोयाबीनचं बी पाठवलंय — पिवळट, वाटाण्यापेक्षा बारीक. पत्रात लिहितो, "सर, एवढंच मिळालं. बी धरून ठेवा, पुढच्या वर्षी मला परत पाठवा." मक्याच्या शेजारी चोवीस वळी पेरल्या. एकेक दाणा माझ्या हाताने. कंबर मोडली, पण काय मजा आली!

शेतकी खात्याचं एक चोपडंही पाठवलंय. तणावर चार पानं आहेत. सगळी पाठ केली.

मंगळवार, १६ जून

सोयाबीन उगवलं. त्याच्याबरोबर केना, लव्हाळा, हरळी, तांदुळजा आणि देवाला ठाऊक काय काय उगवलं. तण दिवसाला बोटभर वाढतं. मी मोजलंय. शिसपेन्सिल उभी धरून.

आता भांगलणच करायला हवी, वळीत बसून खुरप्याने तण काढायचं. बायका बघतो.

गुरुवार, १८ जून

सहा बायका आल्या. त्यांची म्होरकी शेवंता — पन्नाशीची असेल, काटक, बोलायला कमी. सगळ्या पात धरून बसल्या आणि खुरपी चालू झाली. बघत राहावं असं काम. हात तणात जातो, मक्याला धक्का नाही. मीही एक पात धरली होती. शेवंताने मागे वळून माझी वळ पाहिली. "मास्तर, तुमी बांधावर बरं." तीन मके उपटले होते मी. बांधावर जाऊन बसलो.

संध्याकाळी गाडीची वेळ झाली आणि बघतो तर काय — प्रत्येकीच्या पुढ्यात उपटलेल्या गवताचा भारा बांधलेला, डोक्यावर घ्यायची तयारी! मी म्हटलं, हे काय? शेवंता म्हणाली, म्हशीला. मी म्हटलं, हे रानातलं आहे, रानातच राहील. खड्डा काढलाय, त्यात टाकून खत करायचं. चोपड्यात तसं स्पष्ट लिहिलंय. तणाचं बी गावभर फिरवायचं नाही.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवंताने आपला भारा सोडला, खड्ड्यात टाकला. बाकीच्यांनीही टाकला. कुणी वाद घातला नाही. मला वाटलं, शिकवलं की समजतं. बत्तीस वर्षांचा अनुभव.

शुक्रवार, १९ जून

एकही बाई आली नाही. आज मण्णेत्तिन अमावस्या, घरोघर मातीचे बैल करून पुजतात. त्यामुळे असणार.

शनिवार, २० जून

नाही आल्या. सोमवारी बैल नाहीत, अमावस्येला माणसं नाहीत. आज कोणता सण आहे?

तण मक्याच्या गुडघ्याला. म्हणजे मक्याला गुडघा असता तर.

सोमवार, २२ जून

बायका ओढ्यापलीकडच्या रानात भांगलताहेत. माझ्या डोळ्यांदेखत. संध्याकाळी सहा भारे डोक्यावरून गेले, एकामागून एक. त्यातल्या एकीने माझ्याकडे बघून पदर नीट केला, बास.

जा म्हणावं! मी कुणाच्या पायाला हात लावणार नाही. विळा घेतला आणि निदान बांध तरी साफ करू म्हणून लागलो. चारी बाजूंचं गवत बुडापासून कापलं. हाताला फोड आले, पण संध्याकाळी बघतो तर रान कसं चौकटीत बसलेलं! कोऱ्या कागदाला समास आखावा तसा बांध. समासात काही असू नये हे मी पोरांना किती वेळा सांगितलं असेल.

फकीरप्पा रस्त्याने जाता जाता थांबला. हसला. म्हणाला, आता गवतातली पाव्हणी कुठं जेवणार? मी लक्ष दिलं नाही.

चुन्याचे दगड परत तिथेच! त्याच कोपऱ्यात, तसेच तीन. रेल्वेवाले भलते चिकट. पुन्हा भिरकावले.

गुरुवार, २५ जून

नाकतोडे.

शुक्रवार, २६ जून

काल लिहिता येईना.

बिनपंखाचे, नखाएवढे, हिरवे. उडत नाहीत, नुसत्या उड्या. बांधावरच्या गवतात अंड्यातून निघतात, तिथेच चरतात. आणि मी काय केलं? त्यांचं ताट काढून घेतलं! मग ते शेजारच्या पंक्तीला बसले. चोपड्यात आहे. अकराव्या पानावर आहे, की आधी बांधावरच झोळ्या फिरवून पकडावेत, गवत मग कापावं. मी तणाची चार पानं पाठ केली आणि अकरावं पान उघडलंच नाही. असल्या विद्यार्थ्याला मी बाकावर उभा केला असता.

मक्याच्या पानांच्या कडा करवतल्यासारख्या झाल्यात. मका तगेल. सोयाबीनच्या मात्र काड्या उरल्यात. चोवीस वळींतल्या नऊ धड आहेत. गोविंदाला काय लिहू? "एवढंच मिळालं" म्हणाला होता.

नागरपंचमीला सत्तावीस दिवस.

शनिवार, २७ जून

आज रुक्मिणी बरोबर आली. नको म्हटलं, ऐकेना. सोवळ्यातल्या घरची लेक, तिच्या माहेरी शेतावर बायका फक्त हुरड्याला जायच्या. नऊवारीचा काचा घट्ट मारून ती बसली आणि हाताने तण उपटायला लागली. मीही बसलो. दुपारपर्यंत दोघांनी मिळून सव्वा वळ केली. सव्वा! अशा एकशेचाळीस वळी आहेत.

जेवताना ती म्हणाली, "तुम्ही त्या बायकांना मजुरी दिलीत. गवत त्यांच्या म्हशीचं होतं, ते तुम्ही घेतलंत." मी चोपड्याचं सांगायला लागलो. ती म्हणाली, माझी आई धुणंवालीला शिळी भाकरी द्यायची. ती पगारात धरलेली नसायची, पण एक दिवस दिली नाही तर बाई दुसऱ्या दिवशी यायची नाही. चोपडं लिहिणाऱ्याने कधी बाई कामाला लावली नसेल.

तिचं खरं होतं आणि मला ते आवडलं नाही.

रविवार, २८ जून

गेलो.

शेवंताच्या गल्लीत मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. म्हैस दारातच बांधलेली, बरगड्या मोजता येतील अशी. शेवंताचा नवरा कट्ट्यावर बसला होता. मला बघून गडबडीने आत गेला. मला नवल वाटलं, मी काही सावकार नाही. शेवंता बाहेर आली. पाठोपाठ बाकीच्याही जमल्या.

बोलायला उभा राहिलो आणि पाठ केलेलं वाक्यच आठवेना. इन्स्पेक्टरसमोरही असं कधी झालं नव्हतं. म्हटलं, चुकलो. भांगललेलं गवत तुमचं. आणि तेवढ्यावर थांबावं की नाही? पण एकदा बोलायला लागलो की मला पुरता तास लागतो. म्हटलं, "नुसतं यंदाचं नाही. रान आमच्याकडे आहे तोवर या रानातलं आणि बांधावरचं सगळं गवत तुमचं. माझा शब्द आहे."

एक तरुण बाई काहीतरी म्हणणार होती, शेवंताने तिच्याकडे नुसतं पाहिलं. सगळ्या माना खाली घालून उभ्या. मला भरून आलं. गरिबांना शब्दाची किंमत असते. तिथेच डोळ्यांतून पाणी येतंय की काय असं झालं म्हणून छत्री उघडून चालू लागलो. पाऊस नव्हता.

सोमवार, २९ जून

आल्या! सहाच्या ऐवजी नऊ. पहाटेच्या गारव्यात नाकतोडे सुस्त असतात, तेव्हाच झोळ्या फिरवायच्या. रुक्मिणीने माझी जुनी शाळेची धोतरं फाडून तोंडाला वेताची कडी घालून चार झोळ्या शिवल्यात. दोघींनी दोन बाजूंनी धरायची आणि वळीवरून पळत सुटायचं. शेवंता या वयात पळते! एका फेरीत झोळी निम्मी भरली. माझ्या धोतरांत एवढा जीव कधी नव्हता.

मग दिवसभर भांगलण. मला कुणी पातीवर घेतलं नाही.

शनिवार, ४ जुलै

पश्चिमेचं अर्धं रान स्वच्छ. काळी माती दिसायला लागली. नऊ वळी सोयाबीनला नवीन पान. रोज सकाळी पहिल्यांदा तिकडे पळतो. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावून बघावा तसं चाललंय.

चांदण्या निघाल्यावरही डोळा लागत नाही. डोळे मिटले की लव्हाळा दिसतो. उपटला तरी खाली गाठ राहते आणि तीन दिवसांत परत वर.

रविवार, १२ जुलै

दगड पुन्हा आले आहेत! तिसऱ्यांदा. चुना ताजा. हा कोण माणूस आहे? चिखलात एकही पाऊल पिकात नाही, बांधाबांधाने येऊन ठेवून गेलाय. रेल्वेतही एखादा सभ्य माणूस असायचा. शेवंताला विचारलं, कोण ठेवतं गं? ती खुरपं चालवत राहिली. "ऱ्हाऊ द्या की मास्तर, काय खायाला मागत्यात व्हय?"

कंटाळून राहू दिले.

रविवार, १९ जुलै

चार दिवस. मका छातीला. फकीरप्पाने परवा कुंटीची शेवटची फेरी मारली — शुक्रवारी, सोमवार नसताना, देवाची कृपा. पूर्वेकडच्या दहा-बारा वळी तेवढ्या भांगलायच्या राहिल्यात. पावसाने बायकांना दोन दिवस रानात पाय ठेवू दिला नाही. अण्णा कोणत्या बाजूने येतील? स्टेशनकडून आले तर पश्चिम दिसेल. धारवाडहून मोटारीने आले तर पूर्व! आज तीनदा दोन्ही वाटांनी चालून बघितलं, कुठून कसं दिसतं ते.

रुक्मिणी म्हणते, तुम्ही लग्नात इतके घाबरला नव्हता.

बुधवार, २२ जुलै

सोयाबीनला फूल! जांभळट, तांदळाच्या कणीएवढं. पानाच्या बगलेत लपलेलं. चित्र काढलं. मुळांसकट काढलं.

गुरुवार, २३ जुलै. नागरपंचमी

आज मातीला लोखंड लावायचं नाही. खणायचं नाही, उपटायचं नाही. आणि नेमका अण्णा उतरायच्या जागी बांधाच्या कडेला एक लव्हाळा! वीतभर. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे. शेवटी त्याच्यावर छत्री टेकवून उभा राहिलो.

अण्णा स्टेशनकडून आले. उपरणं, काठी, जोडे हातात. मग एका वळीत शिरले. पानं खांद्याला घासत होती, ते पुढे पुढे जात राहिले. वळीच्या टोकाला जाऊन परत आले. गावात झाडांना झोके बांधलेत, पोरींचं हसणं इथपर्यंत ऐकू येत होतं. मी सोयाबीनची फुलं दाखवली. ते वाकले, गुडघा धरून, आणि वाकलेलेच राहिले. म्हणाले, आप्पांच्या — आमच्या वडिलांच्या — वेळेलाही रान असं नव्हतं.

मी म्हटलं, "म्हणजे विकायचं नाही ना आता?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सदू, कागद चैत्रातच झाला रे."

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, पण तुम्ही बरं म्हणालात. त्यावर ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे माझ्याकडून कमीजास्त व्हायचं नाही. "तू आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंस. सही होऊन आठ दिवस झाले होते. तुझ्या तोंडाकडे बघून मला ते सांगता येईना." ताबा दिवाळीनंतर. पीक काढून घ्या म्हणालेत. मग ते रडायला लागले, भर बांधावर, सत्तरीचे अण्णा. मला त्यांचा इतका राग आला होता की हात धरून खाली बसवतानाही जोरात धरला.

दोघे बसून राहिलो. गाडीच्या वेळेला त्यांना स्टेशनवर पोचवलं. ते डब्यातून हात हलवत होते. मीही शेवटी हलवला.

घरी रुक्मिणीने उकडीची दिंडं केली होती. एकही गेलं नाही. सारखं एकच डोक्यात — नऊ बायकांसमोर उभा राहून मी शब्द दिला. जे रान माझं नव्हतंच, त्याचं गवत दानात देऊन आलो. आता कोणत्या तोंडाने सांगू?

शुक्रवार, २४ जुलै

सकाळी गेलो सांगायला. बायका आधीच रानात, पूर्वेच्या राहिलेल्या वळींत. म्हटलं, शेवंता, उठा. रान आमचं नाही. चैत्रातच गेलंय. मी तुम्हाला खोटा शब्द दिला.

तिचं खुरपं थांबलं नाही. "ठावं हाय, मास्तर. मोजणीच्या येळंला साखळी आमच्या घरधन्यांनीच धरली व्हती. दगडाची राखण बी त्येंच्याकडंच हाय. तुमी टाकायचा, ते गुमान आणून ठेवायचे."

सगळ्यांना ठाऊक होतं. फकीरप्पालाही. त्या दिवशी गल्लीत माना खाली घालून उभ्या होत्या, त्या कशासाठी ते आता कळलं. विचारलं, मग भांगलायला आलात कशाला?

"पीक हुबं व्हतं की," म्हणाली. मग शेजारची मोकळी वळ खुरप्याने दाखवली. "ह्या पातीला माणूस न्हाई."

मी बसलो.